मोठे टायर, सुस्त गाडी आणि खोटे बोलणारा मीटर
पिकअप मालकांनी समजून घ्यावा असा हिशेब

आज आपल्या समाजातील असंख्य बांधवांची रोजी पिकअप गाडीवर अवलंबून आहे. कुणी भिवंडीहून कापडाचे तागे नेतो, कुणी मालेगावहून सूत आणतो, कुणी कोकणातून आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढतो, तर कुणी फर्निचर, भंगार, भाजीपाला किंवा कोंबड्या वाहतो. गाडीचे टायर झिजले की नवे घेण्याची वेळ येते, आणि दुकानात गेल्यावर अनेकांना मोह होतो की या वेळी एक नंबर मोठा टायर टाकू. गाडी उंच दिसेल, खड्ड्यात घासणार नाही आणि वजनही जास्त घेईल, असा समज असतो.

त्यानंतर काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. गाडी घाटात दम टाकते, ॲव्हरेज कमी झाले, क्लच प्लेट लवकर गेली. दोष डिझेलला दिला जातो, मिस्त्रीला दिला जातो. खरे कारण चार चाकांवर असते आणि तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून या विषयाचा साधा हिशेब आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

टायरवरचा आकडा काय सांगतो?

समजा गाडीला मूळचा टायर २१५/७५ आर १५ आहे. यातील २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, अर्थात ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एक भिंत आणि खाली एक भिंत धरली की टायरची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते.

आता त्याच रिमवर २३५/७५ आर १५ टाकला, तर उंची सुमारे ७३३ मिलिमीटर होते. फरक फक्त ३० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वा इंचाहूनही कमी. टक्केवारीत तो सव्वाचार टक्के भरतो. शौकीन मंडळी ३१ इंची टायर टाकतात. त्याची उंची ७८७ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळजवळ १२ टक्के जास्त. पुढचा सारा हिशेब या दोन आकड्यांवर, सव्वाचार आणि बारा टक्क्यांवर, चालतो.

मीटर का फसतो?

मीटरला रस्ता दिसत नाही. तो फक्त फेरे मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक लहान गिअर असतो आणि त्यातून केबल मीटरपर्यंत जाते. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर असतो. दोन्हींत कंपनीने असे गृहीत धरलेले असते की चाकाच्या इतक्या फेऱ्यांत एक किलोमीटर होतो.

मूळचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४५२ फेरे घेतो. २३५ चा टायर ४३४ फेरे घेतो, आणि ३१ इंची टायर फक्त ४०४. मीटर मात्र ४५२ फेरे झाल्याशिवाय किलोमीटर पुढे सरकवत नाही. म्हणून काटा ६० दाखवतो तेव्हा २३५ च्या टायरवर गाडी सुमारे साडेबासष्टच्या आणि ३१ इंची टायरवर ६७ च्या वेगाने धावत असते.

आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवले तर चालेल, पण कमी दाखवता कामा नये. त्यामुळे अनेक कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. चार टक्क्यांचा फरक त्यात कदाचित झाकला जाईल, पण १२ टक्क्यांचा झाकला जाणे कठीण. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत मालवाहू गाड्यांसाठी द्रुतगती व चौपदरी महामार्गांवर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातलेली आहे. रस्त्यावरचा कॅमेरा आपल्या मीटरकडे पाहत नाही, तो खरा वेग मोजतो. स्पीड गव्हर्नर त्याच सेन्सरवर चालत असेल तर तोही तेवढाच फसतो.

नुकसान खिशाचे

काट्यापेक्षा किलोमीटरच्या आकड्यातील चूक व्यापाऱ्याला जास्त महाग पडते. समजा गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि भाडे किलोमीटरला २० रुपये ठरले आहे. २३५ च्या टायरवर मीटर सुमारे २,८७७ किलोमीटरच दाखवील. म्हणजे १२३ किलोमीटरचे, अर्थात २,४६० रुपयांचे भाडे दर महिन्याला बुडाले. ३१ इंची टायरवर मीटर सुमारे २,६८० दाखवील आणि तोटा सहा हजारांच्या पुढे जाईल.

ॲव्हरेजचेही तेच. ३,००० किलोमीटरला २५० लिटर डिझेल लागले तर खरे ॲव्हरेज १२ आहे. पण मीटरवरून काढले तर २३५ च्या टायरला साडेअकरा आणि ३१ इंचीला पावणेअकरा दिसेल. मालक ड्रायव्हरवर डिझेल चोरल्याचा संशय घेतो. मीटरच्या चुकीमुळे एका गरीब माणसाच्या इमानावर डाग लागावा, यापेक्षा वाईट गोष्ट ती कोणती?

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी. टायर झिजून त्याची नक्षी ८ मिलिमीटरने कमी झाली तर उंची १६ मिलिमीटरने घटते आणि मीटर दोन टक्क्यांहून थोडे जास्त धावतो. मूळ टायरपेक्षा लहान टायर टाकला तर आणखी जास्त. तेव्हा भुर्दंड भाडे देणाऱ्याला बसतो. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्यासाठी मीटर हा तराजूच आहे. त्यात खोट आहे हे कळल्यावर ती दुरुस्त करणे आपले कर्तव्य ठरते, मग ती कुणाच्याही बाजूची असो.

गिअर का बदलल्यासारखा वाटतो?

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून डिफरन्शियलमध्ये आणि तेथून चाकाला मिळते. चाक जितके मोठे, तितकी तीच ताकद लांब अंतरावर जाऊन काम करते आणि रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते. समजा डिफरन्शियलचा रेशो ४.३ आहे. २३५ च्या टायरने तो ४.१२ असल्यासारखा होतो आणि ३१ इंची टायरने ३.८४ असल्यासारखा. सगळेच गिअर एकाच वेळी लांब होतात.

घाटातले उदाहरण घेऊ. मालासह गाडीचे वजन ३,००० किलो आहे आणि चढ दहा फुटांना एक फूट आहे. नुसत्या चढासाठी सुमारे ३०० किलोची ओढ लागते. चाके फिरवायला आणखी ३५ धरा, म्हणजे एकूण ३३५. तिसऱ्या गिअरमध्ये मूळ टायरवर ३६० किलोची ओढ मिळत असेल तर गाडी चढते. २३५ च्या टायरवर ती ३४५ होते, गाडी जेमतेम चढते. ३१ इंचीवर ३२२ च राहते. गाडी तिसऱ्यावर चढणारच नाही, दुसरा टाकावा लागेल. चढावर गाडी उचलताना ड्रायव्हर हाफ क्लचवर जास्त वेळ राहतो आणि क्लच प्लेट जळते, ती यामुळेच.

सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला इंजिनचे फेरे कमी लागतात हे खरे. पण मोठा टायर वजनाला जड असतो आणि भरलेली गाडी वारंवार खालच्या गिअरवर आणावी लागते. म्हणून डिझेल वाचेल या आशेवर राहू नये.

सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची. ज्या कारणाने ओढ कमी होते त्याच कारणाने ब्रेकची पकडही तेवढ्याच टक्क्यांनी कमी होते. घाट उतरताना गिअरमध्ये गाडी रोखून धरण्याची शक्तीही घटते. भरलेल्या गाडीला हे परवडणारे नाही.

जास्त वजनाचा गैरसमज

टायर मोठा केल्याने गाडीची वजन उचलण्याची मर्यादा वाढत नाही. ती पाटे, ॲक्सल, चेसिस आणि ब्रेक यांवर ठरते आणि आरसी बुकात लिहिलेली असते. उलट जीपगाडीचा रुंद, दिसायला दणकट टायर कधी कधी मालवाहू टायरपेक्षा कमजोर असतो. टायरच्या भिंतीवरचा लोड आकडा पाहावा. १०० म्हणजे त्या एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ आणि १०९ म्हणजे १,०३० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळू नये म्हणून कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेलाच आकार वापरणे शहाणपणाचे.

मोठा टायर आधीच बसला असेल तर?

प्रथम फरक मोजावा. टायरमध्ये हवा योग्य भरून, नेहमीचा माल ठेवून, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी. गाडी सरळ ढकलत दहा फेरे पूर्ण करावेत आणि अंतर टेपने मोजावे. मूळ टायरवर २१.५ मीटर भरत असेल आणि आता २२.४ मीटर भरले, तर फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त आहे. मोबाइलवरील जीपीएसनेही लांब पल्ल्याच्या फेरीत ताळा पाहता येतो.

फरक लहान असेल तर मीटरच्या आकड्यात तेवढे टक्के मिळवून वहीत लिहावे आणि ते गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगावे. केबलच्या मीटरमध्ये गिअरबॉक्सवरचा लहान गिअर बदलून चूक काढता येते. सेन्सरच्या मीटरची दुरुस्ती होते का, हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारावे.

फरक मोठा असेल तर क्राउन-पिनियन बदलणे हा एक मार्ग आहे. १२ टक्के मोठ्या टायरला ४.३ ऐवजी सुमारे ४.८ चा रेशो लागेल. त्याने ओढ परत येते, आणि मीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही आपोआप जुळतो. मीटर चाकाच्या सेन्सरवर असेल तर जुळत नाही. पण हा खर्च मोठा, ब्रेकची उणीव मात्र तशीच राहते. फोर व्हील गाडीत तर पुढचे व मागचे दोन्ही डिफरन्शियल बदलावे लागतात, आणि चारही टायर एकाच मापाचे हवेत.

आमच्या मते माल वाहणाऱ्याने या भानगडीत पडू नये. आपल्या मिस्त्री बांधवांनीही मोठा टायर चढवण्यापूर्वी हा हिशेब मालकाला समजावून सांगावा. त्यात एका टायरची विक्री कदाचित कमी होईल, पण गिऱ्हाईक कायमचे जोडले जाईल आणि घाटातली एखादी गाडी सुखरूप घरी पोहोचेल.