चाकाच्या पोटातली उष्णता

विजेच्या अनेक स्कूटरांना ना साखळी असते, ना पट्टा. मोटर मागच्या चाकाच्या पोटातच बसवलेली असते. कल्पना जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे ही मोटारगाडी पुढच्या दोन्ही चाकांत मोटरी घेऊन उभी होती. अशा रचनेत जागा वाचते, झीज वाचते. तिढा उरतो तो उष्णतेचा.

नेहमीच्या मोटरीत तांब्याच्या तारांचे वाइंडिंग बाहेरच्या कवचाला धरून असते, म्हणून कवचावर पंखा फिरवला की भागते. हब मोटरीत सगळे उलटे. तारा मध्यभागी, न फिरणाऱ्या एक्सलवर. चुंबक बाहेरच्या फिरत्या कड्यात. तापतात तारा, वारा लागतो कड्याला, आणि दोहोंमध्ये मिलिमीटरभराचीसुद्धा नसलेली हवेची फट. हवा उष्णतेला मोठी आडकाठी करते. घोंगडी ऊब देते तीही तिच्यात अडकलेल्या हवेच्या जोरावरच.

मोटरीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, तारांतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. स्वार आणि सामान धरून २०० किलोची गाडी ताशी २५ किलोमीटरने सपाटीवर चालवायला लागतो त्याच्या ढोबळमानाने चौपट जोर, शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या घाटात लागतो. म्हणजे उष्णता सोळापट. इथेच बहुतेकांची समजूत फसते. मोटर तापली म्हणून आपण गाडी हळू घेतो. पण चढावरचा जोर मुख्यतः वजन आणि चढ ठरवतात, वेग नव्हे. रांगत गेलात तर जवळपास तेवढीच उष्णता अधिक वेळ साठत राहते, वर वाराही कमी. दिवे घाटातून सासवडकडे दोन पोती लादून निघालेल्याने मध्ये थांबून मोटर निवू द्यावी, हे बरे.

नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तांबे १०० अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो; ते निवल्यावर भरून निघते. चुंबकाचे तसे नाही. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या पुढे शक्ती गमावू लागतात आणि गेलेली शक्ती गार झाल्यावर परतत नाही. मग त्याच कामाला मोटर अधिक प्रवाह ओढते, अधिक तापते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या माथी हे न सांगता येते.

झाकणांना भोके पाडणे हा गॅरेजमधला उपाय. वारा आत जातो खरा, पण आपल्या पावसाळ्यात चिखल आणि पाणीही जाते, बेअरिंग गंजतात. तेल भरले तर ते बेअरिंगमधून पाझरते. मला सर्वांत चतुर वाटतो तो फेरोफ्लुइडचा उपाय. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेला हा द्रव १९६० च्या दशकात नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी, वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून बनवला. पुढे तो लाउडस्पीकरांत आला. हब मोटरीत काही मिलिलिटर सोडला की चुंबकच त्याला फटीत धरून ठेवतात आणि उष्णतेला कड्यापर्यंत वाट मिळते. जास्त ओतला तर चाक जड फिरते. कड्यापासून पुढचे काम वाऱ्याचेच.

वाइंडिंगमध्ये तापमापक बसवलेला असेल तर कंट्रोलर वेळीच प्रवाह कमी करतो. चढावर गाडी अचानक मरगळते, ती कधी कधी यामुळे. बॅटरी उतरल्यामुळे नव्हे.