विश्लेषण : दुचाकीचे हँडल वेगात का थरथरते? दोष दरवेळी कोनसेटचाच असतो का?

पुणे-बंगळूरु महामार्गावर दुचाकी ताशी ७५ किलोमीटरने धावत आहे. पुढे ट्रक दिसतो, चालक थ्रॉटल सोडतो आणि वेग ६०च्या आसपास येताच हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागते. पकड घट्ट केली की थांबते, सैल केली की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘कोनसेट ढिला झालाय, टाइट करून देतो.’ काही वेळा ते बरोबरही असते. पण नको तेवढा आवळलेला कोनसेट गाडी आणखी बेभरवशाची करतो. थरथर कोणत्या वेगाला, कोणत्या क्षणी आणि गाडीच्या कोणत्या भागात जाणवते, हे चालकाला नेमके सांगता आले तर निम्मे निदान तिथेच होते.

हँडल मुळात थरथरते का?

दुचाकीचा पुढचा फोर्क तिरका असतो. हँडल ज्या आसाभोवती फिरते, त्याची रेषा खाली वाढवली तर ती टायर रस्त्याला टेकतो त्याच्या काही सेंटिमीटर पुढे जमिनीला भिडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. त्यामुळे पुढचे चाक मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखे मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होते. मात्र तीच ट्रॉली जोरात ढकलली की तिचे चाक फडफडू लागते. सरळ होताना चाक मध्यावर न थांबता थोडे पलीकडे जाते, तिथून परत येते. धडधाकट गाडीत हा हेलकावा लगेच जिरतो. झिजलेला टायर, कमी हवा किंवा सैल बेअरिंग असेल तर तो जिरत नाही.

ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी १९७१मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडताना दोन प्रकारची डळमळ वेगळी दाखवली. ‘वॉबल’मध्ये फक्त पुढचा भाग, म्हणजे हँडल, फोर्क आणि चाक, सेकंदाला साधारण सहा ते नऊ वेळा हलतो. ‘वीव्ह’मध्ये अख्खी गाडी मागच्या चाकासह संथपणे, सेकंदाला दोन-तीन वेळा, नागमोडी डुलते. वॉबलचा शोध पुढच्या चाकापासून सुरू करायचा, वीव्हचा मागच्या.

नेमके ५०-६०च्या वेगालाच का?

१७ इंची रिमवरच्या पुढच्या टायरचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी ५० ते ६० किलोमीटरला हे चाक सेकंदाला साधारण साडेसात ते नऊ फेऱ्या मारते. वॉबलची स्वतःची लयही जवळपास तीच. चाक वाकडे असेल, बॅलन्स बिघडला असेल किंवा टायर एका जागी जास्त झिजला असेल, तर प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो चढत जातो, तसेच हे. वेग वाढला की धक्क्यांची लय पुढे निघून जाते आणि थरथर थांबते. ‘ऐंशीच्या वर गाडी एकदम सरळ चालते,’ असे सांगणारा चालक खोटे बोलत नाही, पण दोष गेलेला नसतो.

केंद्राने २०१८मध्ये चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी ताशी ८०ची कमाल मर्यादा ठरवली. म्हणजे हा त्रास मर्यादा पाळणाऱ्यालाही गाठतो.

तपासणी कशी करायची?

आधी थंड टायरमधली हवा मोजावी. कंटाळवाणे काम आहे, पण फुकटात दोष सापडण्याची शक्यता इथेच सर्वाधिक. मग टायरवरून तळहात दोन्ही दिशांना फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर पायऱ्या-पायऱ्यांनी झिजला आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन कुणाला तरी मागे दाबायला सांगितले की पुढचे चाक उचलले जाते. फोर्कला टोकाशी एखादी काडी धरून चाक फिरवावे. रिम आणि काडीतले अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम आउट आहे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर हे हमखास आढळते. चाक वर-खाली धरून आडवे हलवल्यावर खटखट आली तर चाकाचे बेअरिंग गेले.

आता कोनसेट. चॅसिसच्या नळीत हँडलचा दांडा ज्या वरच्या-खालच्या बेअरिंगवर फिरतो, तो हा संच. चाक उचललेले असतानाच फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढावीत. ‘टक’ असा धक्का हाताला जाणवला तर तो सैल आहे. नंतर हँडल अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवावे. बरोबर मध्यावर ते अडकल्यासारखे बसत असेल तर वाट्यांना खड्डे पडले आहेत. रस्ता सरळ असताना बेअरिंग त्याच जागी असते आणि सगळे दणके तिथेच खाते. असा संच आवळून उपयोग नाही; वरच्या-खालच्या वाट्यांसह पूर्ण बदलावा लागतो. आणि संच फार आवळला तर? सरळ धावताना गाडी सतत हँडलच्या बारीक हालचालींनी तोल सावरत असते. त्या हालचालीच अडतात आणि गाडी संथ डुलू लागते. वॉबल घेऊन गॅरेजमध्ये गेलेला चालक वीव्ह घेऊन परततो.

अख्खी गाडीच डुलत असेल तर मागचा टायर, स्विंगआर्मचे बुश, मागचे शॉकअप आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे पाहावे. फक्त ब्रेक दाबतानाच थरथर येत असेल तर डिस्क तपासावी.

सामानाचा काय संबंध?

गोवा किंवा लडाखच्या सफरीत टॉप बॉक्स कोंबून भरला की बरेचसे वजन मागच्या चाकाच्याही मागे जाते आणि पुढचे चाक हलके होते. घरी ठणठणीत असलेली गाडी सफरीत डळमळते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. जड वस्तू खाली आणि पुढे, मागच्या टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे जादा हवा, एवढ्यानेही फरक पडतो.

स्टीअरिंग डॅम्पर हा उपाय काही वेगवान गाड्यांना खरोखर लागतो. सुझुकीच्या १९९७च्या टीएल१०००एसला तो नंतर बसवून द्यावा लागला. पण रोजच्या गाडीवर डॅम्पर लावून थरथर दाबणे म्हणजे झिजलेला टायर झाकून ठेवणे.

चालताना सुरू झाले तर?

हँडल आवळून त्याच्याशी झगडू नये आणि सोडूही नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग पुढे झुकवावे, थ्रॉटल हळूहळू कमी करावा, पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये. जोरदार थरथरीत आणखी एक गोष्ट घडू शकते. फोर्क झटके खातो तेव्हा डिस्क ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात. त्यामुळे हँडल शांत झाल्यावर ब्रेकची लिव्हर पहिल्यांदा पोकळ लागू शकते. अशा वेळी ती भराभर दोन-तीनदा दाबली की ब्रेक परत येतो.