दर्शनपरीक्षा आणि कॅमेरा : छायाचित्रणाची प्राथमिक ओळख

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शनाचा उल्लेख प्रथम येतो. या दर्शनाची नोंद ठेवणारे साधन, म्हणजे कॅमेरा, आज प्रत्येक वैद्याच्या हाती आहे. तो कसा चालवावा हे मात्र आपण क्वचितच शिकतो. त्याचे परिणाम काय होतात, हे आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

विचर्चिकेच्या एका रुग्णाच्या पायाचे पहिले छायाचित्र आम्ही सायंकाळी पिवळ्या दिव्याखाली घेतले होते. महिन्याने दुसरे घेतले, ते सकाळी खिडकीपाशी. दोन्ही शेजारी ठेवून पाहता लाली बरीच उतरलेली दिसली आणि आम्ही समाधान पावलो. रुग्ण मात्र म्हणाला, "डॉक्टर, खाज तर तशीच आहे." त्याच दिव्याखाली पुन्हा छायाचित्र घेतले, तेव्हा त्वचा पहिल्याइतकीच आरक्त दिसली. आम्ही तीच औषधयोजना पुढे चालू ठेवणार होतो. ती बदलावी लागली.

प्रकाशाचे तीन नियंते

छायाचित्राची उजळता तीन गोष्टींवर ठरते. पहिली, भिंगाचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. मात्र अधिक खोलीपर्यंतचा भाग सुस्पष्ट येतो. दुसरी, शटरचा वेग. १/६० सेकंदाऐवजी १/१२५ ठेवल्यास प्रकाश सुमारे निम्मा होतो, पण हालचाल गोठते. तिसरी, आयएसओ. १०० चे २०० केल्यास उजळता दुप्पट होते. तो फार वाढविल्यास चित्रात रवाळपणा येतो.

दोषसाम्याप्रमाणे येथेही एकाची वृद्धी दुसऱ्याच्या ऱ्हासाने सांभाळावी लागते. समजा, सावलीतील वनस्पतीसाठी एफ/८, १/१२५ आणि आयएसओ २०० योग्य ठरले. वाऱ्याने पाने हलू लागली, तर वेग १/२५० करावा आणि आयएसओ ४००. उजळता तीच राहते.

वनस्पतींचे चित्रण

अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे औषधनिर्मात्यांना ठाऊकच आहे. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, तर खोट्याचे साधे व नागमोडी कडांचे. साल ज्या वृक्षाची काढली, त्याचे छायाचित्र एफ/२.८ वर जवळून घेतले, तर फुलांचा गुच्छ सुंदर येतो, पण मागची पर्णरचना पुसट होते आणि ओळखीची खूणच हरवते. म्हणून एफ/८ ते एफ/११ ठेवावे. धोत्र्यासारखे पांढरे फूल चौकटभर असल्यास कॅमेरा त्याला करडे करतो. तेव्हा उजळता एका पायरीने वाढवावी. अर्थात, सुक्या सालीची परीक्षा छायाचित्राने होत नाही. ती द्रव्यपरीक्षणानेच करावी.

रुग्णांचे चित्रण

येथे श्वेतसंतुलन म्हणजे व्हाइट बॅलन्स महत्त्वाचे. पिवळ्या दिव्याचे वर्णतापमान सुमारे २,८०० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५०० असते. स्वयंचलित योजना दर वेळी वेगळा अंदाज बांधते. म्हणून ते एकदाच ठरवून कायम ठेवावे आणि चौकटीत करड्या रंगाचे कार्ड व मोजपट्टी असावी. जागा, दिवा, अंतर व कोन प्रत्येक भेटीत तेच हवेत. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र स्थिर असते, परंतु 'प्रो' योजनेत वेग, आयएसओ व श्वेतसंतुलन ठरविता येते. मोबाइल अगदी जवळ नेल्यास अवयवाचा आकार विकृत दिसतो. थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरावा. रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि आवश्यकता नसेल तेथे चेहरा टाळावा.

वैद्यबंधूंना एकच विनंती : पहिल्या छायाचित्राच्या वेळी चारही आकडे केसपेपरवर नाडी व जिव्हा यांच्या नोंदीखाली लिहावेत. पुढील भेटीत ते जुळले, तरच दिसणारा उपशय खरा मानावा. आणि तरीही खाजेविषयी रुग्णाला विचारावेच.