जुन्या संगणकाला वायफायची जोड : स्वस्त यूएसबी अडॅप्टर घेण्यापूर्वी

घरात वायफाय येते, मोबाइल आणि लॅपटॉप त्याला लगोलग जोडले जातात. परंतु आतल्या खोलीतील जुना डेस्कटॉप संगणक मात्र वायरीवाचून अडून बसतो, असे चित्र शहरांतील अनेक घरांत, दुकानांत आणि शिकवणी वर्गांत दिसते. डेस्कटॉपच्या बहुतेक जुन्या मदरबोर्डवर बिनतारी जोडणीची सोयच नसते. दिवाणखान्यातील राउटरपासून भिंतींना भोके पाडत वायर नेण्यास भाड्याच्या घरात परवानगी मिळतेच असे नाही. अशा वेळी अंगठ्याएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर हा सोपा मार्ग ठरतो. साधारणपणे पाचशे ते दीड हजार रुपयांत तो मिळतो. रक्कम लहान असल्याने खरेदी फारसा विचार न करता होते. मग वेग मिळत नाही, ड्रायव्हर सापडत नाही, आणि काही दिवसांतच तो टेबलाच्या खणात जाऊन पडतो.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करायला हवा. दुकानदार आणि ग्राहक दोघेही या वस्तूला ‘डोंगल’ म्हणतात. मोबाइल कंपन्यांची सिमकार्ड घालून चालणारी ‘नेट सेटर’ उपकरणेही याच नावाने ओळखली जात. वायफाय अडॅप्टरला सिमकार्ड लागत नाही आणि तो स्वतः इंटरनेट आणत नाही. घरात अगोदरच असलेल्या राउटरशी संगणकाचे नाते जुळवणे एवढेच त्याचे काम. राउटरच नसेल, तर तो निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट, राउटर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर अडॅप्टरच्या फंदात न पडता लॅन केबल लावावी. स्वस्त अडॅप्टरपेक्षा ती अधिक स्थिर चालते. संगणक दूर असेल, तर खरेदीपूर्वी अँड्रॉइड फोनवर एक प्रयोग करून पाहता येतो. फोन संगणकाशेजारी ठेवून घरच्या वायफायला जोडावा, यूएसबी केबलने संगणकाला लावावा आणि फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. अनेक फोन या पद्धतीने वायफायवरील इंटरनेट संगणकाला पुरवतात. त्या जागी फोनलाच धड सिग्नल मिळत नसेल, तर फोनपेक्षाही लहान अँटेना असलेल्या अडॅप्टरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

खोक्यावरचे आकडे

अडॅप्टरच्या खोक्यावर १५०, ३००, ६००, १२०० असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. हा सैद्धांतिक कमाल वेग असतो, तोही मेगाबिट प्रतिसेकंद या मापात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेग मिळाला तरी समाधान मानावे. १५० चा आकडा गाठण्यासाठी ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते; गर्दीच्या वस्तीत राउटर बहुधा २० मेगाहर्ट्झवर चालतो आणि मग कमाल मर्यादाच सुमारे ७२ वर येते. ६०० चा आकडा तर बेरजेचा असतो. त्यात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १५० किंवा २०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ४३३ हे दोन वेग मिळवून ती संख्या फुगवलेली असते. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, ही बाब खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. १२०० चा दावा करणाऱ्या काही अडॅप्टरांची खूंटी यूएसबी २.० ची असते. त्या जोडणीची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट असल्याने पुढचा आकडा कागदावरच राहतो.

वेगापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न पट्ट्याचा. केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, तर ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता चालू शकतात. मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील एखाद्या सोसायटीत संगणकाच्या पडद्यावर वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नेटवर्के दिसतात, ती सारी या तीन वाटांवर दाटीवाटीने चालत असतात; त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची भर पडते ती वेगळीच. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या पुष्कळ आहेत, मात्र त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. यास्तव दोन्ही पट्ट्यांवर चालणारा अडॅप्टर घेणे केव्हाही श्रेयस्कर. त्यासाठी तीन-चारशे रुपये अधिक पडले तरी ते सत्कारणी लागतात. केवळ २.४ वर चालणारा अडॅप्टर ई-मेल, ऑनलाइन अर्ज आणि साध्या व्हिडिओसाठी पुरेसा आहे. व्हिडिओवरील वर्गांसाठी तो गर्दीच्या इमारतीत दगा देऊ शकतो.

नाव तेच, चिप निराळी

अडॅप्टरवर नाव कोणत्याही कंपनीचे असो, आतील चिप बहुधा रिअलटेक किंवा मीडियाटेक यांसारख्या मोजक्या उत्पादकांची असते आणि ड्रायव्हर चालतो तो या चिपनुसार. एकाच मॉडेलच्या आवृत्त्यांमध्ये चिप बदललेली असणे हीही नेहमीची गोष्ट. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून तिची जागा रिअलटेकने घेतली. खोक्यावरचे नाव मात्र कायम राहिले. म्हणून मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत छापलेला आवृत्ती क्रमांक पाहूनच ड्रायव्हर घ्यावा.

याला अलीकडे अधिक महत्त्व आले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे समर्थन थांबवले आणि विंडोज ११ च्या अटींत असंख्य जुने संगणक बसत नाहीत. चालता संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. लिनक्सवर चिपची निवड चुकली तर एक संध्याकाळ सहज वाया जाते. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू या अत्यंत स्वस्त चिपचा ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तर रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपांना २०२३ मधील ६.२ आवृत्तीपासून थेट आधार मिळाला. त्याहून जुने लिनक्स असेल, तर यातील रिअलटेकचे ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात. नवख्याने त्या वाटेला न जाता लिनक्सचीच नवी आवृत्ती घ्यावी.

जोडणी करताना

अडॅप्टर खोचल्यावर विंडोज १० आणि ११ बरेचदा स्वतःच ड्रायव्हर शोधतात. पण तो महाजालावरून आणायचा असेल आणि संगणकाला इंटरनेटच नसेल, तर पेच पडतो. सोबत मिळालेली चकती लावायला आजच्या संगणकांत सीडी ड्राइव्ह उरलेला नाही. येथेही वर सांगितलेले फोनचे टेदरिंग उपयोगी पडते, किंवा दुसऱ्या संगणकावर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हने आणता येतो. ड्रायव्हर शोधून देण्याचा दावा करणारे मोफत प्रोग्राम कटाक्षाने टाळावेत. त्यांच्याबरोबर नको ते सॉफ्टवेअर संगणकात शिरते. कंपनीचे नाव नसलेला अडॅप्टर असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्याच्या गुणधर्मांतील ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. तेथे दिसणाऱ्या चार-चार अक्षरांच्या दोन संकेतांकांवरून चिप ओळखता येते.

काही अडॅप्टर खोचले की वायफायऐवजी एक लहानसा सीडी ड्राइव्ह दिसू लागतो. हा बिघाड नव्हे. ड्रायव्हर आतच साठवलेला असल्याने ते प्रथम ड्राइव्हचे सोंग घेतात. विंडोजवर त्यातील सेटअप चालवले की काम होते. लिनक्सवर तो ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्यावर किंवा ‘यूएसबी-मोडस्विच’ हे साधन वापरल्यावर खरे रूप प्रकट होते.

जागेचे म्हणाल, तर कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंत आणि पत्र्याच्या मधोमध अडॅप्टर लावणे ही सर्वात वाईट जागा, आणि नेमकी तीच सर्वांकडून निवडली जाते. शंभर-दीडशे रुपयांची एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर आणला, तर सिग्नलमध्ये लक्षणीय फरक पडतो. शेजारच्या खाचेत यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असेल, तर तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झमध्ये व्यत्यय येतो. इंटेलने २०१२ मध्ये याविषयी शोधपत्र प्रसिद्ध केले होते.

फोनवर दिसणारे नेटवर्क संगणकावर दिसत नसेल, तर बहुधा ते ५ गिगाहर्ट्झचे असते आणि अडॅप्टर केवळ २.४ चा. राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर असेल तरीही काही अडॅप्टरांना तो दिसत नाही. अशा वेळी वाहिनी १, ६ किंवा ११ करावी. जोडणी मधूनच तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी.

जुना किंवा कुणी दिलेला अडॅप्टर वापरताना मोह होतो तो राउटरची सुरक्षा सैल करण्याचा. सुरुवातीच्या काळातील अडॅप्टरांना केवळ ‘वेप’ हे कुलूप समजते आणि त्यातील मूलभूत दोष २००१ मध्येच उघड झाले आहेत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या वेळी धाडलेला ई-मेल नवी मुंबईतील एका सदनिकेतील असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले होते आणि त्या घरातील रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले होते. राउटरवर किमान ‘डब्ल्यूपीए२’ असावेच. राउटर केवळ ‘डब्ल्यूपीए३’ वर असल्याने स्वस्त अडॅप्टर जोडला जात नसेल, तर दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. त्याखाली उतरण्याऐवजी अडॅप्टर बदलावा.

ऑनलाइन घेतलेला माल परत करण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते. त्यामुळे अडॅप्टर हाती येताच ज्या खोलीत वापरायचा तेथेच, शेजारपाजारचे वायफाय जोरात चालू असते अशा रात्री नऊ-दहाच्या सुमारास तासभर चालवून पाहावा आणि तोवर खोके व बिल जपून ठेवावे.