वाटीभर पोट

पाहुण्याचे पान वाढून झाले, तो जेवू लागला, आणि घरची बाई तुपाची वाटी हातात घेऊन "अहो, एवढंसं काय जेवलात? अजून एक पोळी तरी घ्याच" असे म्हणाली नाही, तर त्या घरात काहीतरी बिनसले आहे असे आपण खुशाल समजावे! आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा निम्मा भाग. पण अलीकडे आपल्या शहरांतून पंगतीला अशी काही माणसे बसू लागली आहेत, की ज्यांना हा आग्रह अगदी शब्दशः सोसत नाही. 'एका पुरीनं काय होतंय?' या आपल्या लाडक्या प्रश्नाचे त्यांच्यापुरते उत्तर असे, की पुष्कळ काही होते. ताटावरून उठून मोरीकडे धावावे लागते.

ही माणसे म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटाचे ऑपरेशन करून घेतलेली मंडळी. आमच्याच इमारतीत अशी दोन आहेत. एक, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. बँकेत नोकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि ऑपरेशनपूर्वी साखरेसाठी रोज इन्शुलिन. दुसरे, तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क काका. या दोघांना चार वर्षे जवळून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे, की ऑपरेशन दवाखान्यात दोन-अडीच तासांत उरकते. त्यापुढचे सगळे स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर चालते, आणि तिथे रोगी एकटा नसतो.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे ऑपरेशन म्हणजे पोटावरची चरबी काढून टाकणे नव्हे. तो प्रकार निराळा. इथे काम होते ते जठरावर. काकांच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढला आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी ठेवली. वहिनींचे 'बायपास'. त्यात जठराच्या वरच्या टोकाची दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे वळवून थेट तिला जोडतात. ही कल्पना फार जुनी आहे असे नाही. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढावा लागलेल्या रोग्यांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले, आणि १९६६ साली त्यांनी व डॉ. चिकाशी इटो यांनी स्थूलपणावर उपाय म्हणून हे बायपास प्रथम केले. पुढे १९९०च्या दशकात ते दुर्बिणीने, लहान लहान छिद्रांतून होऊ लागले. शौकाखातर बारीक होण्याचा हा मार्ग नाही. वजनाने मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोपेतला श्वास असे सगळेच धोक्यात आणले, की डॉक्टर याचा विचार करतात.

वहिनींची साखर वजन उतरण्याच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत खाली आली. बायपासनंतर असे पुष्कळदा होते, आणि म्हणूनच मधुमेहाची औषधे डॉक्टर लगेच कमी करत आणतात. भूक तर जणू घर सोडूनच गेली. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी 'घ्रेलिन' नावाचे एक संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. काकांचा नेमका तोच भाग काढलेला! काका म्हणत, "अहो, साठ वर्षं बाराच्या ठोक्याला जेवलो. आता बारा वाजतात, आणि नुसते बाराच वाजतात."

पहिले दोन महिने खाणे डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे चालते. सुरुवातीला पाणी, नारळपाणी, वरणावरची निवळ. मग पंधरा दिवस दूध, ताक, मुगाचे गाळलेले कढण. त्यानंतर मिक्सरमधून काढलेले मऊ पदार्थ. आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचे अन्न. आतले टाके भरून येईपर्यंत या क्रमात घाई चालत नाही. पण हे वहिनींच्या सासूबाईंना कोण सांगणार? सून तिसऱ्या आठवड्यात वाळलेली दिसू लागली, तसा त्यांचा जीव तुटू लागला. "अगं, कढणावर माणूस जगतो का? तापकरी माणसाला देतात ते," असे म्हणून एका दुपारी त्यांनी मऊ भात, वर वरण आणि तूप, असा घास कालवून पुढे ठेवला. वहिनींना नाही म्हणवेना. तीन घासांत छातीत काहीतरी अडकल्यासारखे झाले, तोंडाला पाणी सुटले, आणि पुढचा अर्धा तास त्या मोरीपाशी बसून होत्या. सासूबाई दाराशी उभ्या राहून रडत होत्या. दोघींनाही दोष देता येत नाही. चाळीस वर्षे ज्या हाताने माया वाढली, त्याला एका दिवसात हात आखडता घ्यायला शिकवायचे, हे काही सोपे नाही.

पुढच्या खेपेस आहारतज्ज्ञ बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी सासूबाईंनाच समोर बसवून सगळे सांगितले. त्या दिवसापासून घरातला तक्ता म्हातारीच्या ताब्यात आला, आणि मग तो मोडण्याची कोणाची छाती झाली नाही!

जेवायची नवी रीत ऐकायला सोपी आहे. लहान ताटली, लहान चमचा, घास बोराएवढा, तो पंचवीस-तीस वेळा चावायचा, आणि वीस-पंचवीस मिनिटे लावून जेवायचे. पाणी जेवणाबरोबर नाही. जेवल्यावर अर्ध्या तासाने. एरवी मात्र दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, आणि तेही घोट-घोट, कारण गटागट पिण्याची सोय उरलेली नसते. आता हे बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत बसवून पाहा! वहिनींनी पहिल्या महिन्यात दोन्ही टोके जमवता न आल्याने जेवण नीट केले आणि पाणी विसरल्या. संध्याकाळी डोके धरून घरी आल्या. शेवटी खुर्चीशेजारी बाटली आणि भ्रमणध्वनीवर तासातासाचा गजर, अशी तोड निघाली. पोट भरल्याची खूणही आता निराळी. काहींना उचकी लागते, काहींचे नाक वाहू लागते, कोणाला शिंक येते. काकांना शिंक येते. ती आली की काकू ताट उचलतात. त्यापुढचा एक घासही जास्त.

खरी ओढाताण आहे ती प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर चरबीबरोबर स्नायूही झडू नयेत म्हणून दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात. शाकाहारी घरात ही बेरीज करायला बसले की घाम फुटतो. कपभर दुधातून सहा ग्रॅमच्या आसपास, पन्नास ग्रॅम पनीरमधून नऊ, वाटीभर मुगाच्या उसळीतून सात, वाटीभर दह्यातून पाच, अंडे चालत असेल तर एकातून सहा. दोन कप दूध, पनीर, उसळ, दही आणि दोन अंडी असा सगळा सरंजाम केला तरी पंचेचाळिसाच्या घरात पोचतो. आणि एवढे मावायला पोट कुठे आहे? म्हणून बहुतेकांना डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पूड काही काळ तरी घ्यावी लागते. आपले ताटही उलटे करावे लागते. आपण वरण-भाताने सुरुवात करून उसळीला बोट लावणारे लोक. इथे आधी उसळ, पनीर, अंडे, मासा, मग कोशिंबीर, भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा चतकोर. मऊ पोळी आणि भात हे सुरुवातीला फार छळतात, त्यांचा गोळा बसतो. वहिनींच्या घरी मुगाची धिरडी, आमटीत कुस्करलेली भाकरी आणि बांधून ठेवलेल्या दह्याचा बिनसाखरेचा चक्का यांनी पुष्कळ निभावून नेले.

आता दिवाळीचे. बायपासवाल्याने एकदम दोन करंज्या खाल्ल्या, तर साखर जठरात न रेंगाळता तडक आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात कळा येतात, आडवे व्हावेसे वाटते. काहींना दोन-तीन तासांनी उलट साखर खाली जाऊन थरथर सुटते. वहिनींनी पहिल्याच भाऊबीजेला हा अनुभव घेतला आणि पुन्हा घेतला नाही. पण माझ्या मते करंजीपेक्षा कपटी आहे तो चिवडा. करंजी निदान लगेच शिक्षा करते. चिवडा, शेव, चकलीचा तुकडा हे चावले की विरघळतात, अडकत नाहीत, पोट भरल्याचेही कळू देत नाहीत. दर तासाला मूठभर, याप्रमाणे वाटीभर पोटातून पातेलेभर फराळ सहज उतरतो! सरबत, आइस्क्रीम यांचेही तेच.

गोळ्यांचा विषय नीरस आहे, पण टाळता येणार नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी जठरातच तयार होणारा एक घटक लागतो. जठर कमी झाले की तो घटक कमी, आणि शाकाहारी माणसात ब-१२ चा साठा आधीच बेताचा. त्यातून लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचीही ओढ लागते. म्हणून या गोळ्या जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता दोन तासांच्या अंतराने, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नाही. काकांनी दुसऱ्या वर्षी "आता मी ठणठणीत आहे" म्हणून डबी कपाटात टाकली. सहा-आठ महिन्यांनी तळपायांना मुंग्या, जिभेची आग, जिना चढताना थकवा. वयाचे दुखणे म्हणून आणखी दोन महिने गेले. रक्त तपासल्यावर ब-१२ तळाला गेलेले. इंजेक्शनांनी बरेचसे भरून आले, तरी डाव्या पायाच्या बोटांतली बधिरता अजून पुरती गेलेली नाही. याहून तातडीची गोष्ट म्हणजे सतत होणाऱ्या उलट्या. 'ऑपरेशननंतर असं व्हायचंच' म्हणून घरी बसू नये. ब-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपते, आणि मग नजर, चालण्याचा तोल आणि स्मरणशक्ती यांवर घाला येतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत; नव्या जोडावर अल्सर होतात. तरुण मुलींच्या आयांसाठी आणखी एक. वजन उतरले की पाळी सुधारते आणि दिवस लवकर राहू शकतात. पण पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असेच डॉक्टर सांगतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके कंगव्यात येऊ लागले, तेव्हा वहिनी घाबरल्या. वजन झपाट्याने उतरताना असे होते, आणि आहार नीट असेल तर बहुधा केस पुन्हा येतात. त्यांचे आले. लोकांच्या जिभेला मात्र औषध नाही. वजन होते तेव्हा 'खाण्यावर ताबा नाही', आणि उतरल्यावर 'हं, ऑपरेशन करून घेतलं ना, सोपं आहे!' एका लग्नात तर एक नातेवाईक बाई जिलबीचे ताट घेऊन हटून बसल्या. वहिनींनी "नको हो, मावशी" असे तीनदा म्हटले. मग शेजारच्या पानावरून सासूबाईंनी हात आडवा घातला. "तिचं जेवण झालंय. ती जिलबी माझ्या पानात वाढा, मला चालते." त्या प्रसंगानंतर सासूसुनांचे जे काही सूत जमले आहे, ते मी पाहत आले आहे.

एक गोष्ट मात्र वहिनींनाही कोणाशी बोलता येईना. दमून घरी आल्यावर पूर्वी त्या गरम बटाटेवडा आणि चहा घेऊन खिडकीत बसत. वडा गेला, आणि दमणे तसेच राहिले. जठर लहान करता येते; जिभेची आठवण आणि मनाची सवय कोणी कापत नाही. दोन-चार महिने त्या संध्याकाळी उगीच चिडत, रडत. आहारतज्ज्ञ बाईंनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा यजमान जरा बिचकलेच. पण गेले दोघे. आता संध्याकाळी त्या वेळी दोघे मिळून टेकडीवर जातात.

वजन पुन्हा थोडे वाढते का? वाढते. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा चार हजारांहून अधिक माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या सुमारे निम्म्यांवर शस्त्रक्रिया झालेली होती. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी राहिले. म्हणजे काही परत आले, बरेचसे आले नाही. आणि शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. वहिनींचे गेल्या वर्षी तीन किलो वाढले. त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही, थेट आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या आणि आठवडाभर तोंडात गेलेला कण न् कण वहीत लिहिला. वही वाचल्यावर चोर सापडला. बँकेत त्यांच्या टेबलाच्या खणात एका सहकारी बाईंचा चिवड्याचा डबा असे, जागा नाही म्हणून ठेवलेला. तो डबा आता कॅशियरच्या कपाटात असतो, आणि कुलपाची किल्ली वहिनींकडे नाही.