सहलीची गाडी ठेवायची कुठे?

मैत्रिणींनो, रांजणगावच्या महागणपतीला सगळ्यांना एकत्र जाता यावे, म्हणून आपल्या शिरूरच्या घरांतही आता मोठी गाडी येते. हौस खरीच! पण सहल महिन्यातून एकदा. एरवी गाडी उभी शेजारणीच्या फाटकापुढे. रात्री तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर १०८ची रुग्णवाहिका बोळात शिरणार कशी?

रस्ता म्हणजे आपले अंगण नव्हे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १२२वे कलम इतरांना धोका, अडथळा होईल अशी गाडी ठेवू देत नाही. सार्वजनिक जागी दहा तास बेवारशी उभी राहिली, तर १२७व्या कलमानुसार पोलीस ती उचलायला लावू शकतात. खर्च मालकाच्या माथी!

म्हणून गाडीचा रंग ठरवण्याआधी टेप घेऊन अंगण मोजा आणि विचारा, "अहो, ठेवायची कुठे?"