मुरबाडचा नाणेघाट: पुतळ्यांचे फक्त पाय उरले, पण भिंतीवरचा हिशोब अजून वाचता येतो!

प्राचीन ग्रीक शहरांचे अवशेष बघायला लोक अथेन्स, डेल्फीला जातात. पण ज्या वाटेवर ग्रीक व्यापाऱ्यांच्या मालाची ये-जा व्हायची, ती आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

ती वाट म्हणजे नाणेघाट. पावसाळ्यात उलट्या धबधब्याच्या व्हिडिओत दिसतो, तोच!

ग्रीकांचा संबंध कसा?

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ असा येतो. तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पुढे अडवून पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही त्यात म्हटलंय. कल्याण, सोपाऱ्याला उतरलेला माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा. जुन्नरच्या लेण्यांत तर ‘यवन’ म्हणवणाऱ्या तिघांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. त्या काळी हा शब्द ग्रीकांसाठी वापरत.

लेण्यात काय आहे?

घाटमाथ्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं लेणं आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका अशी नावं वर कोरलेली. आज पुतळे गेलेत, उरल्यात फक्त पावलांच्या खुणा.

बाजूच्या भिंतींवरचा ब्राह्मी लेख नागनिकेचा मानला जातो. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दानाची यादी आहे: ११,००० गाई, १,००० घोडे, शिवाय गावं आणि कार्षापण नाणी. हे आकडे अंकचिन्हांत कोरलेत. शून्य नाही, दहा, शंभर, हजारासाठी वेगळी चिन्हं. भारतीय अंकांच्या सर्वात जुन्या पुराव्यांत हा लेख मोजला जातो.

खिंड ओलांडली की मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत, असं परंपरेनं सांगतात.

जायचं कसं?

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव सोडलं की पायवाट सुरू होते. चढायला साधारण अडीच-तीन तास लागतात. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, सोबत माहीतगार माणूस हवा.

लेण्यात गेल्यावर अक्षरांवर हात फिरवू नका, खडू लावू नका, स्वतःचं नाव तर मुळीच कोरू नका. पुतळे गेले, ते परत आले नाहीत. अक्षरं गेली, तर पावलं कोणाची हेही कळायचं नाही.